परतीची वाट सोपी कर

॥ श्री ॥

कोल्हापूर,
9 जुलै 2025

चि. बापू यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

शनिवारी रात्री आठच्या सुमारास, दुसऱ्या दिवशीच्या एकादशीसाठी मी साबुदाणा भिजत घालत होते, तेवढ्यात तुझा मेसेज आला. 'आत्या, नारायणगाव सोडलं. आजपण चिऊ आली नाही. आईच्या ओढणीत तोंड खुपसून बसली. मला नाही भेटायचं म्हणाली. माझ्यामुळे तिला त्रास होतो. पुढच्या वेळेपासून मी जाणार नाही.' मी लगेच फोन लावला, तू घेतला नाहीस. रविवारीही नाही. म्हणून हे पत्र. फोनवर तू 'हो आत्या' म्हणतोस आणि विषय संपवतोस. पत्र निदान पुन्हा काढून वाचता येतं.

पुण्याहून नाशिक म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे उठायचं, खेड, मंचर, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर करत जायचं, कोर्टाच्या मुलांच्या खोलीत दोन ते चार थांबायचं आणि तोच रस्ता उलटा धरायचा. हे तू गेले आठ महिने करतो आहेस. थकलास, यात चूक काही नाही. पण 'माझ्यामुळे तिला त्रास होतो' हे जे तू लिहिलंस, त्यावर मला बोलायचं आहे. कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून मी 22 वर्षं काढली, त्यातला मोठा काळ अशाच खोल्यांमध्ये गेला. त्या खोलीत काय होतं ते मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

आधी एक गोष्ट पक्की मनात धर. तू जाणं बंद केलंस, तर चिऊ त्याचा अर्थ 'बाबांनी माझा त्रास वाचवला' असा लावणार नाही. सात वर्षांचं मूल इतकं पुढचं बघत नाही. ती एवढंच मोजेल की मी नाही म्हणाले आणि बाबा यायचेच थांबले. आपल्या एका शब्दाने बाप जाऊ शकतो, हे ओझं मुलाला पेलत नाही. मोठ्या झालेल्या कितीतरी मुलांना मी भेटले आहे. त्यांनी 'बाबा का आले' असं कधी विचारलं नाही. 'बाबा यायचे का थांबले' हे मात्र पंचवीस-तीस वर्षांची माणसंही विचारत होती, आणि विचारताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा व्हायचा.

आता चिऊ का येत नाही, ते बघू. आईने तिला पढवलं असेल असं तुला वाटतं. असेलही, मला ठाऊक नाही, तुलाही नाही. पण पढवलं नसलं तरी मूल असं वागू शकतं, हे तू ऐकून घे. चार वाजता तुझ्यापासून उठून चिऊला बाकावर बसलेल्या आईपर्यंत जायचं असतं. अंतर वीस-तीस पावलांचं. तेवढ्या पावलांत तिला चेहरा बदलावा लागतो. तुझ्याबरोबर हसत असेल तर ते हसू आवरायचं, कारण समोर आई आहे आणि ती आठवड्याभराची दमलेली आहे. मागे वळून बघायचं नाही, कारण मागे बाबांचे डोळे भरलेले आहेत. घरी गेल्यावर आजी विचारणार, काय म्हणाला तो? मग काय सांगायचं आणि काय नाही, हेही वाटेतच ठरवायचं. या सगळ्यापेक्षा मुळात आत न गेलेलं बरं, हा हिशोब सात वर्षांची मुलगी बरोबर करते. तुझ्याकडे येणं तिला जड जात असेल, पण तुझ्याकडून परत जाणं त्याहून जड जातं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, बापू, की तिची परतीची वाट सोपी कर. ती तुझ्याकडे यावी हे तुझ्या हातात नाही. तुझ्याकडून निघताना तिचं मन हलकं असावं, हे मात्र बरंचसं तुझ्याच हातात आहे.

नावगाव न सांगता दोन बाप सांगते. एक जण प्रत्येक भेटीला मोठा खोका घेऊन यायचा. रिमोटची गाडी, विमान, किल्ला. मुलगा पाच वर्षांचा, दोन तास खूष असायचा. निघायच्या वेळी बाप त्याला घट्ट धरायचा आणि म्हणायचा, 'चालला बाबांना सोडून?' खोका बाप परत न्यायचा, कारण 'तिकडे नेलं की ते मोडतात'. तिसऱ्या भेटीनंतर मुलगा दारातच रडू लागला. बापाने लगेच अर्ज केला की आई मुलाला भडकवते.

दुसरा बाप एका कारखान्यात पाळीवर काम करायचा. रात्रपाळी करून यायचा, डोळे लाल. हातात पिशवी, पिशवीत भाजक्या शेंगदाण्यांची पुडी, चित्रकलेची वही आणि खडू. दर वेळी तेवढंच. मुलगी चित्र काढायची, तो शेंगदाण्याची सालं फुंकून दाणे तिच्या तळहातावर ठेवायचा. फार बोलायचाही नाही. पावणेचार झाले की तोच म्हणायचा, 'चला, चपला कुठे गेल्या बघू.' दोघं मिळून चपला शोधायची. तो खाली बसून तिच्या चपलेचा पट्टा लावायचा आणि वहीतलं चित्र फाडून तिच्या हातात द्यायचा. 'आईला दाखव हं, तिला माकड आवडतं.' दाराशी बायको उभी असायची. तिला तो एवढंच सांगायचा, 'खोकला आहे थोडा, पाणी कोमट द्या.' मुलगी चित्र हलवत आईकडे पळायची. मागे वळून बघायची तीसुद्धा हसत, कारण मागे उभा असलेला माणूस हसत असायचा. तो रडत नव्हता असं नाही. ती गेल्यावर कोपऱ्यातल्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसायचा, ते मी पाहिलं आहे. दोन-अडीच वर्षांनी त्याच आईने आपणहून सांगितलं, पुढच्या वेळी कोर्टात नको, मुलीला घरी घेऊन जा. आदेश तोवर तोच होता, दोन तासांचा. बदलला होता तिचा विश्वास.

तुला राग येईल, तरी लिहिते. मे महिन्यातल्या भेटीत तू चिऊला कवटाळून रडलास आणि 'बाबांना विसरू नकोस गं' म्हणालास, हे तूच मला सांगितलं होतंस. त्यानंतरच्या तिन्ही भेटींत ती आली नाही. तुझं प्रेम खरं, रडूही खरं. पण त्या दिवशी तू तिच्या हातात एक काम दिलंस, बापाला सांभाळायचं. ते तिच्या वयाचं काम नाही.

माझ्याकडूनही अशी चूक झाली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका सात वर्षांच्या मुलाला मी सरळ विचारलं होतं, 'तुला कोणाकडे राहायचं आहे?' तो बोलला नाही. दाराकडे बघत राहिला, बाहेर दोघंही उभे होते. मग त्याने पेन्सिलचं टोक तोंडात घातलं आणि ते दातांखाली मोडलं. मी अहवालात लिहिलं, 'मूल उत्तर देण्यास तयार नाही.' माझा प्रश्नच लबाड होता, हे मला कळायला पुढे वर्षं गेली. त्यानंतर मी कुठल्याही मुलाला तो प्रश्न विचारला नाही. तूही चिऊला त्याच्या जवळपासचं काही विचारू नकोस. 'माझी आठवण येते का', 'आई काय बोलते', 'इकडे आवडतं की तिकडे' यांतला एकही प्रश्न नको. डब्यात काय होतं, शाळेच्या खिडकीतून काय दिसतं, पावसात बूट भिजले का, हे विचार. दुसरीत गेली आहे, तिच्याकडे सांगायला पुष्कळ असेल.

आता कायद्याचं. तू वकिलांकडे जाऊन येतोस आणि अर्धवट ऐकून घाबरतोस, म्हणून मोजकं लिहिते.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 चा. त्याच्या कलम 6 मध्ये म्हटलं आहे की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा. चिऊ सात वर्षांची आहे, म्हणून आता ताबा आपोआप तुझ्याकडे येईल असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. त्याच कायद्याचं कलम 13 सगळ्यांच्या वर आहे: मुलाचं हित सर्वोपरी. पालक व पाल्य कायदा त्याहून जुना, 1890 चा, आणि मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात तो अर्ज चालतो. म्हणून नाशिकला जावं लागतं याबद्दल कुरकुरू नकोस. चिऊ तिथे आहे, तर कोर्टही तिथेच असणार.

तुमचा मूळ दावा हिंदू विवाह कायद्याखाली चालू आहे. त्यातलं कलम 26 नीट वाच. मुलांचा ताबा, सांभाळ, शिक्षण याबद्दलचे आदेश कोर्ट वेळोवेळी बदलू शकतं, असं ते कलम सांगतं. म्हणजे आज मिळालेले दोन तास ही कायमची शिक्षा नाही. चिऊ मोठी होईल तशी तिची गरज बदलेल, आणि आदेश बदलून मागता येईल. तेव्हा कोर्ट बघेल की मधल्या काळात हा बाप कसा वागला. तुझी खरी बाजू प्रत्येक शनिवारच्या हजेरीत लिहिली जाते आहे.

जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितलं की आईबाप वेगळे झाले तरी मुलाला दोघांचंही प्रेम मिळण्याचा हक्क आहे. आणि ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला भेटीशिवाय रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यायला हवं. हा निकाल वकिलांना दाखव. पण त्यातला शब्द लक्षात ठेव, हक्क मुलाचा आहे. 'माझा हक्क' म्हणून तू उभा राहिलास की समोर सूनबाई तिचा हक्क घेऊन उभी राहते, आणि चिऊ मधोमध. 'चिऊचा हक्क' म्हटलंस की तुझी मागणीही बदलते. रात्री नऊला व्हिडिओ कॉल हवा असं तू मागितलं होतंस, कारण तू साडेआठला घरी येतोस. सात वर्षांच्या मुलीला नऊला झोप येते. संध्याकाळी साडेसहाची वेळ माग आणि ऑफिसात पंधरा मिनिटांची सवलत घे.

अर्ज करताना 'वाजवी भेट मिळावी' एवढंच मोघम लिहू देऊ नकोस. मोघम आदेशातून भांडणंच निघतात. कोणता वार, किती वाजता, कुठे, मुलीला आणणार कोण, न्यायला येणार कोण, भेट चुकली तर बदली भेट किती दिवसांत, दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, मे महिन्यात किती दिवस, वाढदिवसाला तासभर कधी, शाळेच्या पालकसभेला आणि स्नेहसंमेलनाला तू जाऊ शकतोस का, हे सगळं स्पष्ट लिहून माग. गणपतीत दोन्ही घरी आरती असते, तर पहिला दिवस तिकडे आणि गौरीजेवण इकडे, असं काही सुचव. 'माझ्या घरचा गणपती आधी' असं म्हणू नकोस. विधी आयोगाने मे 2015 मधल्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली आहे, ती अजून कायद्यात उतरलेली नाही. तरी दोघांच्या संमतीने तसं काही ठरवता येतं. पण संमती मिळायची तर आधी विश्वास हवा, आणि तो दाराशी होणाऱ्या दोन मिनिटांच्या बोलण्यातून येतो.

पोटगीचा हप्ता एक दिवसही उशिरा जाऊ देऊ नकोस. 'भेट नाही तर पैसे नाहीत' असं तुझे मित्र सांगतात, ते तुझं नुकसान करत आहेत. भेट आणि पोटगी या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या पैशातून चिऊच्या वह्या येतात. तिच्या वह्या अडवून तिला भेटायला जाणारा बाप तू होऊ नकोस.

सूनबाईला मेसेज करायचा तर वार, वेळ, जागा आणि चिऊची तब्येत, एवढंच. राग आला असेल तर लिहून ठेव आणि सकाळी वाच. सकाळी तुझं तुलाच कळेल की त्यातला निम्मा मजकूर पाठवण्यासारखा नाही. एक साधी वही कर. भेटीची तारीख, चिऊ आली की नाही, किती वेळ थांबली, काय खेळली. आरोप लिहू नकोस, फक्त झालेलं लिही. मोबाइलवर तिचं रडणं रेकॉर्ड करून कोर्टाला दाखवायचं मात्र कधी मनातही आणू नकोस. ज्या मुलीसमोर बाप मोबाइल धरून उभा राहतो, तिला तो तिच्यासाठी आलाय असं वाटत नाही.

तुझ्या शेवटच्या मेलमध्ये 'पॅरेंटल एलियनेशन' हा शब्द होता. रिचर्ड गार्डनर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने 1985 साली त्याला 'सिंड्रोम' म्हणून मांडलं. त्याच्यावर तज्ज्ञांत खूप वाद झाले आणि आजही आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मधल्या एका निकालात त्याचा उल्लेख केला आहे. मुलाचं मन एका पालकाविरुद्ध कलुषित करणं घडतं, मी ते पाहिलं आहे, आईकडून आणि बापाकडूनही. पण प्रत्येक नकाराला हे नाव चिकटवलं की खरं कारण बघायचं राहून जातं. मूल खरोखर घाबरलेलं असू शकतं, आणि काही घरांत घाबरण्याजोगं घडलेलंही असतं. तुमच्या घरात मारहाण नव्हती, हे मला माहीत आहे. पण शेवटच्या वर्षात तुमचे आवाज किती चढायचे, तेही माहीत आहे. मी आले होते तेव्हा चिऊ स्वयंपाकघरात डब्यांच्या कपाटामागे बसली होती. ती तुझ्यामुळे की तिच्या आईमुळे, हा हिशोब नको. तो आवाज तिच्या अंगात अजून आहे. तुला आता हळू आवाजाचा माणूस व्हायचं आहे, तिला खात्री पटेपर्यंत. किती भेटी लागतील, कोण सांगणार?

सूनबाईबद्दल एक. ती मला अजूनही दिवाळीला फोन करते. तिच्याविषयी मी तुला काही पटवून देणार नाही. तुमचं नातं संपलं असेल तर संपलं. पण चिऊ तिच्याजवळ राहते, तिच्या हातचं जेवते, ताप आला की तिच्याच अंगाला चिकटून झोपते. चिऊसमोर तिच्याबद्दल एक वाईट शब्द गेला, तर तो चिऊच्या अर्ध्या अंगाला लागतो. तुझ्या आईलाही, वहिनीला, हे सांग. नातीचा फोन आला की ती पहिल्यांदा रडते आणि मग 'तुझ्या आईने काय केलं बघ' म्हणते. तिचं दुःख मी समजते, नात तिचीही आहे. पण रडायचं असेल तर मला फोन कर म्हणावं, कितीही वाजता.

आता 19 तारखेच्या भेटीचं. तू जाणार आहेस. पहाटेची बस धर, पावसाचे दिवस आहेत, घाटात उशीर होतो, तासभर हाताशी ठेव. मोठं काही घेऊ नकोस. एक चित्रकलेची वही, खडूंची पेटी आणि तिला आवडतात ते चुरमुऱ्याचे लाडू. तिथल्या समुपदेशकांना आधी जाऊन भेट आणि विनंती कर की पहिली दहा मिनिटं आईला खोलीत बसू द्यावं. चिऊला आईच्या शेजारी बसूनच चित्र काढू दे. तू समोर जमिनीवर बस, तिच्या उंचीवर, आणि तूही काहीतरी काढ. जवळ ये म्हणू नकोस.

ती आलीच नाही, तरी चार वाजेपर्यंत थांब. ती बाहेरच्या बाकावर असेल तर तिला दिसेल अशा ठिकाणी बस आणि चित्र काढत राहा. चारला उठून ते चित्र समुपदेशकांच्या हातून तिच्याकडे पाठव. खाली एवढंच लिही, 'चिऊ, मी पुढच्या वेळी येतोय.' आणि मग खरंच जा. तारीख चुकवू नकोस.

आणि ती आली, तर पावणेचारला तूच म्हण, 'चला, चपला शोधू.' पट्टा लाव, चित्र आईला दाखवायला दे, आणि ती आईपर्यंत पोहोचेपर्यंत हसत उभा राहा. नंतर बसमध्ये खिडकीकडे तोंड करून काय करायचं ते कर. तेव्हा मला फोन कर, मी उचलीन.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी मी येते आहे तुझ्याबरोबर. खोलीत येणार नाही, बाहेर बसेन. येताना दोघांचं जेवण बांधून आणीन.

वहिनीला नमस्कार सांग. तब्येत सांभाळ, रात्रीचं जेवण टाळू नकोस.

तुझी,
आत्या